जंगल छान झालंय, पण जादू कुठेय?

प्रश्न थोडक्यात असा: ॲक्रिलिकमध्ये परीकथेतलं जंगल करायचंय, चमकणारे मशरूम घातले, धुकं घातलं, वरून किरण सोडले, झाडं वाकडीतिकडी केली, आकाश जांभळं, लांब दिवा लागलेली झोपडी, तिच्या दारापर्यंत जाणारी पायवाट, एक आकृती, सगळं करून झालं तरी चित्र वाढदिवसाच्या कार्डासारखंच दिसतंय, मग कमी काय पडतंय? शिवाय ॲक्रिलिकमध्ये धुकं कसं करायचं, आणि परी दाखवू की नको?

कमी काहीच पडत नाहीये हो, जास्त झालंय. मी बरीच वर्षं मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते आणि शिकवतेही, त्यामुळे असली चित्रं भरपूर बघितलीत, आणि बहुतेकांत गडबड एकच असते: चित्रातली प्रत्येक गोष्ट जादुई असते. मशरूम जादुई, झाड जादुई, आकाश जादुई, पायवाटसुद्धा चमकतेय. मग बघणाऱ्याला आश्चर्य वाटायचं कशाचं? जादू वाटायची तर आधी साधं, खरं, ओलसर, थोडं कंटाळवाणं जंगल लागतं आणि त्यात एकच गोष्ट अशी लागते जी तिथे असायलाच नको होती.

रशियन चित्रकार व्हिक्टर वास्नेत्सोवचं १८८९ चं चित्र बघा, राजपुत्र इव्हान करड्या लांडग्यावर बसून राजकन्येला घेऊन चाललाय ते, मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे. लोकांची नजर लांडग्यावर जाते, साहजिक आहे, पण मागचं जंगल अगदी खरं आहे, जुने जाड बुंधे, काळोख, खाली दलदलीचं पाणी. आणि या सगळ्याच्या पुढ्यात फुलांनी डवरलेली सफरचंदाची फांदी! ऊन न पोचणाऱ्या त्या दलदलीत सफरचंद फुलणार कुठून? ही फांदी काढून बघा मनातल्या मनात, चित्र निम्मं होतं. किंवा फ्रेंच चित्रकार आन्री रूसोचं १९१० चं 'स्वप्न', न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयातलं. घनदाट जंगल, सिंह, हत्ती, बासरी वाजवणारा माणूस, आणि मधे चक्क दिवाणखान्यातला सोफा. रूसो आयुष्यात फ्रान्सबाहेर गेलेला नाही, त्याने झाडं बघितली ती पॅरिसच्या वनस्पती उद्यानातली. म्हणजे 'मी कधी खरं जंगल बघितलंच नाही' ही सबब चालणार नाही, मात्र जी चार झाडं बघाल ती नीट बघा.

तेव्हा पहिलं काम, तुमच्या चित्रातल्या सगळ्या जादुई वस्तूंची यादी करा आणि एक ठेवून बाकीच्या खोडा. दुखेल, पण करा.

आता प्रकाश, कारण खरी मेख तिथेच आहे. 'ग्लो' येत नाही म्हणून लोक अजून अजून भडक रंग लावत जातात. चमक रंगात नसते, आजूबाजूच्या व्हॅल्यूत, म्हणजे रंगांच्या गडद-उजळपणात असते. कॅनव्हासवरचा सगळ्यात पांढरा रंगसुद्धा शेवटी एक पांढरा कागदच आहे, तो दिव्यासारखा दिसतो कारण बाकी सगळं तुम्ही दाबून ठेवलेलं असतं. मी सांगते तसं करून बघा: आख्खं जंगल मधल्या ते गडद टोनमध्ये आणि मळकट रंगात करा, इतकं की बोअर वाटेल. मग प्रकाशाच्या अगदी गाभ्याला जवळजवळ पांढरा, किंचित पिवळसर. त्याच्या कडेला सगळ्यात शुद्ध रंग, म्हणजे केशरी किंवा हिरवा जो असेल तो. आणि तिथून बाहेर तो रंग विरत विरत अंधारात. बहुतेक जण उलटं करतात, गाभा भडक केशरी आणि कडेला पांढरट वलय, मग दिवा न दिसता रंगाचा ठिपका दिसतो. शिवाय प्रकाश झपकन कमी होतो, अंतर दुप्पट झालं की तो पाव होतो, त्यामुळे झोपडीच्या खिडकीतला दिवा चार फुटांवरच्या झाडाला उजळेल पण चाळीस फुटांवरच्या झाडाला नाही. तुम्ही लांबच्या बुंध्यांनाही केशरी कड दिली असेल तर ती पुसा.

मशरूमचं तर सांगायलाच हवं. चमकणारी बुरशी खरंच असते, पॅनेलस स्टिप्टिकस घ्या नाहीतर मायसेनाच्या काही जाती, पण त्यांचा प्रकाश हिरवट असतो, साधारण ५२० ते ५३० नॅनोमीटरच्या आसपास, आणि इतका मंद की डोळे अंधाराला सरावल्याशिवाय दिसतही नाही. शेजारचं गवतसुद्धा उजळत नाही त्याने. चित्रांतले मशरूम मात्र नेहमी निळे आणि ट्यूबलाइटएवढे प्रखर! परीकथा आहे, करा हवं तसं, माझी ना नाही, पण एकदा खऱ्यासारखं करून बघा, फक्त एक मंद हिरवट डाग, कुजक्या लाकडावर, बाकी काही उजळत नाही. जास्त भीतीदायक दिसतं आणि जास्त सुंदरही.

किरणांबद्दल. झाडीतून येणारे किरण खरे समांतर असतात, सूर्य इतका लांब आहे की दुसरं काही होऊच शकत नाही, आपल्याला ते पंख्यासारखे पसरलेले दिसतात ते पर्स्पेक्टिव्हमुळे, रेल्वेचे रूळ लांब एकत्र येतात तसेच. म्हणून सगळे किरण मागे वाढवले तर एकाच बिंदूत, सूर्याच्या जागी, मिळायला हवेत. पानांतल्या प्रत्येक फटीतून वेगळा पंखा सोडलात की डोळ्याला काहीतरी खोटं लागतं, नेमकं काय ते सांगता आलं नाही तरी. आणि किरण ठळक दिसतात ते सूर्याच्या दिशेने बघताना, हवेत धुकं किंवा धूळ असताना, मागे गडद काहीतरी असताना. सूर्य पाठीशी असेल तर ते जवळजवळ दिसतच नाहीत.

जमिनीवर पडलेले उन्हाचे कवडसे पानांच्या आकाराचे काढू नका. ते गोल असतात, खाली तिरके पडल्यामुळे लांबट गोल, कारण पानांमधली प्रत्येक बारीक फट पिनहोल कॅमेऱ्यासारखं काम करते आणि खाली सूर्याची प्रतिमा पडते. खंडग्रास ग्रहणात त्याच सगळ्या कवडशांच्या कोरी होतात, बघितलं असेल कोणी कोणी. गंमत म्हणजे परीकथेच्या चित्राला ही फुकटची सोय आहे. जंगल अगदी खरंखुरं, दुपारचं, आणि कवडसे मात्र सगळे चंद्रकोरीचे. झाली की तुमची ती एक चुकीची गोष्ट, आणि तीसुद्धा खोटी नाही.

रात्रीचं जंगल करणार असाल तर थोडं डोळ्याचं शास्त्र कामाला येतं. अंधुक प्रकाशात आपण डोळ्यातल्या रॉड नावाच्या पेशींनी बघतो, त्यांना रंग कळत नाही आणि निळ्या-हिरव्या भागात त्या जास्त संवेदनशील असतात, म्हणून संध्याकाळ झाली की लाल फूल काळं पडतं आणि पानं उजळ वाटायला लागतात. पुर्किने या चेक शास्त्रज्ञाने १८१९ मध्ये ही गोष्ट टिपली, नावही त्याचंच पडलंय, पुर्किने इफेक्ट. चंद्रप्रकाश मोजायला गेलं तर उन्हापेक्षा किंचित लालसरच असतो, निळा तो आपल्याला भासतो. तेव्हा चांदण्यात लाल टोपीवाली मुलगी काढून टोपी भडक लाल ठेवलीत तर एक तर तिच्यावर दिवा असला पाहिजे, नाहीतर ती टोपीच जादूची असली पाहिजे. दोन्ही चालेल, पण ठरवून करा. अजून एक, नजरेच्या मध्यभागी रॉड नसतातच, म्हणून अंधारात टक लावून बघितलं की गोष्ट विरघळते आणि बाजूला बघितलं की परत दिसते. चित्रात याचा अर्थ एवढाच की कडा मऊ ठेवा, बारकावे गाळा. रात्रीच्या चित्रात प्रत्येक पान सुटं दिसायला लागलं की तिथे रात्र संपली.

झाडांवर मी जरा जास्तच बोलणार आहे कारण इथेच सगळ्यांची सुटका करून घ्यायची घाई असते. परीकथा म्हटलं की पिळवटलेलं, बोटांसारख्या फांद्यांचं झाड, परीकथांची चित्रं काढणाऱ्या इंग्रज आर्थर रॅकमच्या चित्रांनंतर हे इतकं रुजलंय की विचारूच नका. पण दाट जंगलात झाड असं वाढत नाही, प्रकाशासाठी सरळ वर जातं, खालच्या फांद्या सावलीत वाळून गळतात, राहतात ते उंच खांब आणि लांब वर छत. पिळवटलेली झाडं वाऱ्याच्या माऱ्यावर असतात, डोंगराच्या कडेला, किंवा जी वर्षानुवर्षं छाटली गेलीत ती. तुमच्या चित्रात प्रत्येक झाड पिळवटलेलं आहे म्हणजे एकही पिळवटलेलं नाही. वीस सरळ बुंधे आणि त्यात एक वाकडं करा, मग बघा ते कसं अंगावर येतं.

फांद्यांचं एक जुनं गणित आहे, लिओनार्दोच्या वहीतलं: फांद्या फुटल्यावर त्या सगळ्यांची मिळून जाडी, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ, मूळ खोडाएवढंच राहतं. अगदी काटेकोर नसलं तरी चित्रासाठी भरवशाचं आहे. म्हणजे खोड दोन फाट्यांच्या मधे फारसं बारीक होत नाही, फाट्याला एकदम बारीक होतं. शिकाऊ माणूस झाड गाजरासारखं निमुळतं काढतो आणि फांद्या वरून चिकटवतो. रिगर ब्रशने, म्हणजे लांब बारीक केसांच्या ब्रशने, फांदी ओढताना टोकाकडून बुंध्याकडे न येता बुंध्याकडून टोकाकडे जा, दाब आपोआप कमी होतो, आणि प्रत्येक फाट्याला क्षणभर थांबून दिशा बदला.

आता यॉन बाउएर, माझा अत्यंत लाडका चित्रकार, १८८२ ते १९१८, स्वीडनचा. त्याचं १९१३ चं चित्र आहे, राजकन्या तुव्हस्टार जंगलातल्या डोहाकाठी बसून पाण्यात बघतेय. हे समोर ठेवून बसा एक तास. डोह जवळजवळ काळा. मागे बुंधे, सरळ, करडे-तपकिरी, आणि त्यांचे शेंडे चौकटीच्या वर कापलेले, म्हणजे झाड किती उंच ते कळतच नाही, मनानेच वाढवायचं. रंग जवळपास नाहीतच. आणि मधे ती एक लहानशी गोरीपान आकृती, सगळ्या चित्रातली सगळ्यात उजळ जागा. जादूची म्हणावी अशी एकही वस्तू नाही त्यात! ना पंख ना चमचम. मोठं काळं जंगल आणि त्यात लहान उजळ जीव, बास. तुमच्या चित्रातली आकृती मला वाटतं चौकटीच्या एक तृतीयांश उंचीची आहे, ती एक दशांश करा आणि झाडांचे शेंडे कापून टाका. एवढ्या एका बदलाने चित्र ओळखू येणार नाही.

आकृती लहान ठेवण्याचा सगळ्यात टोकाचा नमुना म्हणजे जर्मन चित्रकार आल्टडॉर्फरचा सेंट जॉर्ज, १५१० चा, म्युनिकला आहे. चित्र जेमतेम २८ बाय २२ सेंटिमीटर, वहीच्या पानाएवढं, आणि त्यात जवळजवळ सगळी पानंच पानं, खाली घोड्यावरचा वीर आणि तो ड्रॅगन, शोधावे लागतात. उजवीकडे खाली एवढीशी फट आणि त्यातून लांबचे डोंगर. ती फट नसती तर श्वास कोंडला असता. दाट जंगल करताना अशी एक फट ठेवायची, छोटी, मध्यावर नको.

याच्या बरोबर उलट इंग्रज चित्रकार रिचर्ड डॅड, लंडनच्या टेट गॅलरीतलं त्याचं पऱ्यांचं प्रसिद्ध चित्र, १८५५ ते १८६४ अशी वर्षं त्यावर गेली, मनोरुग्णालयात असताना. तिथे ना धुकं ना खोली, गवताच्या काड्यांमधून आपण डोकावतोय आणि प्रत्येक परी, प्रत्येक डेझीचं फूल सारख्याच तीव्रतेने रंगवलंय. माझा सगळा उपदेश धाब्यावर बसवून ते चित्र उभं आहे. पण त्याला तसली जिद्द लागते आणि मुख्य म्हणजे चौकट लहान ठेवावी लागते, ते जेमतेम ५४ सेंटिमीटर उंच आहे. मोठ्या कॅनव्हासवर हे करायला जाऊ नका, मधेच दम संपतो आणि अर्ध्या चित्रात बारकावे, अर्ध्यात ढकलगाडी असं होतं.

हिरव्याचं बघू. ट्यूबमधला सॅप ग्रीन थेट लावणं आजच्या आज बंद करा. जंगल हिरवं असतं हा आपला समज, नीट बघितलं तर त्यात करडा, तपकिरी आणि काळपट जांभळाच जास्त असतो, हिरवा मोजक्या जागी. काळ्यासाठी थॅलो ग्रीनमध्ये ॲलिझरिन क्रिमसन किंवा क्विनाक्रिडोनचा लाल मिसळा, जिवंत काळा मिळतो, एकाचं प्रमाण वाढवलं की थंड, दुसऱ्याचं वाढवलं की उबदार. ट्यूबमधला काळा लावलात तर जंगलाला भोक पडल्यासारखं दिसतं. जुन्या चित्रांत झाडं तपकिरी दिसतात म्हणून तसंच करायचं असा काहींचा आग्रह असतो, त्यांनी हेही लक्षात घ्यावं की त्यातल्या कित्येक ठिकाणी तांब्यापासून केलेल्या हिरव्या ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक थर, होत्या आणि त्या काळाने तपकिरी पडल्यात, चित्रकाराने रंगवलं तेव्हा ती पानं हिरवीच होती.

धुकं ॲक्रिलिकमध्ये कसं, हा तुमचा खरा तांत्रिक प्रश्न. टिटॅनियम व्हाइट पातळ करून गडद रंगावर फिरवला की तो आपोआप निळसर दिसतो, प्रकाश विखुरल्यामुळे, त्यामुळे त्यात अजून निळा घालून तुम्ही धुक्याला बर्फ करून टाकता. उलट कणभर रॉ अंबर किंवा यलो ऑकर घाला. ग्लेझिंग मीडियम भरपूर, रंग कमी, एक थर, पूर्ण वाळू द्या, मग त्यावर पुढचे बुंधे, परत एक थर, परत बुंधे, असं मागून पुढे येत चला. म्हणजे धुकं झाडांच्या मधे बसतं, चित्रावर पसरत नाही. शेवटी एकदाच सगळ्यावर पांढरं फिरवणं म्हणजे काच पुसायची राहिल्यासारखं दिसणार. जमिनीलगत धुकं दाट असतं तेव्हा लांबच्या बुंध्याचा पाया आधी नाहीसा होतो, शेंडा नंतर. आणि लांब गेलं की आधी गडद रंग उजळतात, काळा करडा होतो, पांढऱ्यात फारसा फरक पडत नाही. लांबच्या झाडात एकही ठार काळी रेघ राहता कामा नये. ॲक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं, ओलं असताना बाइंडर, म्हणजे रंगाला धरून ठेवणारं माध्यम, दुधाळ असतो म्हणून, तेव्हा धुक्याचा थर वाटतो त्यापेक्षा एक पायरी उजळ ठेवा.

शेवाळ, खडक, कुजलेलं लाकूड यासाठी ब्रशने ठिपके देत बसू नका, एक मजेदार प्रकार आहे, डिकॅल्कोमेनिया. जाडसर ओला रंग लावायचा, त्यावर प्लॅस्टिक किंवा गुळगुळीत कागद दाबायचा आणि सर्रकन ओढून काढायचा. जे उमटतं ते शेवाळासारखं, पोवळ्यासारखं, तुम्ही ठरवून काढूच शकणार नाही असं. माक्स अर्न्स्ट या चित्रकाराने १९४० च्या आसपास याच्यावर आख्खी चित्रं उभी केली. वाळलं की बारीक ब्रश घेऊन त्यात काय दिसतंय ते शोधा, बहुतेक वेळा चेहरा दिसतोच, मग तो थोडासाच पुढे आणा, पूर्ण नको. नॉर्वेच्या किटलसेनने काढलेला नॉक, म्हणजे लोककथेतला पाण्यातला भुताळी जीव, १९०४ चा, बघा. काळं पाणी, पाणकमळाची पानं, आणि पाण्याच्या पातळीवर डोक्याचा उंचवटा आणि दोन पांढरट डोळे. बाकी अंग पाण्याखाली आहे, काढलेलंच नाही.

पायवाट. तुमची वाट खालून मध्यातून सरळ झोपडीच्या दारात जाते, नागमोडी असली तरी सगळी दिसते. चकवा लागेल कसा मग? एका वळणावर ती झाडामागे जाऊ द्या आणि पुढे जिथे निघायला हवी तिथे निघू देऊ नका, किंवा थोडी भलतीकडेच निघू दे. इटालियन चित्रकार उच्चेल्लोच्या शिकारीच्या चित्रात, ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे, साधारण १४७० चं, लाल कपड्यातले शिकारी आणि कुत्रे सगळे आत आत धावतायत, जंगलाच्या मधल्या अंधाराकडे, लहान लहान होत, आणि तिथे नक्की काय आहे ते दाखवलेलंच नाही. झोपडी तशीच ठेवायची असेल तर निदान दार झाडाआड जाऊ दे, खिडकी पुरे.

'परी दाखवू की नको' असं शेवटी विचारलंय तुम्ही. माझ्या मते नको, निदान या चित्रात नको, कारण दिवा आधीच आहे आणि मघाशीच आपण एक वस्तू ठरवलीय. परी ठेवायचीच असेल तर दिवा विझवा. आणि हो, फ्लुरोसंट रंग वापरू नका त्यासाठी, दुकानात छान दिसतात पण उजेडात लवकर उडतात, वर्ष-दोन वर्षांत परीच्या जागी फिकट डाग राहील. आधी पोस्टकार्डाच्या आकाराची चार-पाच थंबनेल, म्हणजे झटपट कच्ची चित्रं, फक्त काळ्या-पांढऱ्यात करा, तीनच टोन, आणि डोळे बारीक करून सगळ्यात उजळ जागा एकच दिसतेय का ते तपासा. दोन दिसल्या तर मोठा कॅनव्हास उघडू नका.